गुणाजी मांजरेकर आणि आमच्या गच्चीवरचा टॉवर

गुणाजी मांजरेकर या माणसाला मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा तो आमच्या सोसायटीतल्या जनरेटरला झेंडूचा हार घालत होता. दसऱ्याचा दिवस होता. ज्या यंत्राच्या धुराने माझ्या नवऱ्याचा श्वास कोंडतो, त्याला हा गृहस्थ हळदकुंकू वाहतोय, हे बघून माझं डोकंच फिरलं. मी पहिल्या मजल्याच्या खिडकीतून ओरडले की हार घालायचाच असेल तर शेवटचा घाला. त्याने वर पाहिलं, हात जोडले आणि म्हणाला, "मॅडम, जाईल तेव्हा जाईल. आहे तोवर नीट चालायला पाहिजे ना." या उत्तराचा मला फार राग आला, कारण त्यात उद्धटपणा औषधालाही नव्हता.

मला राग यायला तसंही फारसं काही लागत नाही. विमा कंपनीच्या क्लेम खात्यात मी तेहेतीस वर्षं लोकांच्या अर्जांतल्या चुका काढल्या. निवृत्त झाल्यावर मुलुंड पश्चिमेच्या आमच्या अठरा घरांच्या सोसायटीची सेक्रेटरी झाले, म्हणजे तेच काम फुकट करू लागले. आमच्या गच्चीवर एका मोबाइल कंपनीचा टॉवर आहे. त्याच्या यंत्रांची आणि बॅटऱ्यांची एक पत्र्याची खोलीही तिथेच आहे. जनरेटर मात्र खाली कंपाउंडात, बरोबर आमच्या खिडकीखाली. लाईट गेली रे गेली की तो आपोआप सुरू व्हायचा. माझे यजमान नंदकिशोर यांची फुप्फुसं अधू आहेत. डॉक्टरांनी त्यांना उदबत्तीचासुद्धा धूर वर्ज्य सांगितलाय, आणि इथे तर डिझेलचा धूर थेट उशाशी.

टॉवरचा करार मार्चअखेर संपत होता. तो वाढवायचा नाही, टॉवर उचलून न्यायला सांगायचं, असं मी मनाशी पक्कं केलं होतं. सभासदही माझ्या बाजूने होते, प्रत्येकाची कारणं निराळी. आमचे चेअरमन चंद्रप्रकाश वैद्य यांच्या मते गच्चीवरचा कढीपत्ता टॉवरच्या लहरींमुळे वाळत चालला होता. त्या कुंडीत महिनोन् महिने कोणी पाणी घातलं नव्हतं, ही गोष्ट वेगळी.

गुणाजी कंपनीचा नोकर नव्हता, कंपनीने नेमलेल्या कंत्राटदाराचा माणूस होता. भांडुपपासून मुलुंडपर्यंतचे चौदा टॉवर त्याच्याकडे. वय बावन्न, अंगाने काडी, पण हाताचे पंजे मोठे. मूळ मालवणकडचा. वडील लालबागच्या गिरणीत होते. गिरणी बंद पडल्यावर घर भांडुपच्या चाळीत आलं आणि पोराने वायरमनचं शिक्षण घेतलं. हे सगळं मला नंतर कळलं. तेव्हा मला एवढंच दिसायचं की हा माणूस आठवड्यातून दोनदा येतो, डिझेल भरतो, गच्चीवर जातो आणि नको तितका वेळ तिथे काढतो. एकदा मी मुद्दाम बघायला गेले. तर हा त्या पत्र्याच्या खोलीत उकिडवा बसून एकेका बॅटरीच्या सेलवर तळहात ठेवत होता, आई तापलेल्या पोराच्या कपाळावर ठेवते तसा. चोवीस सेल, चोवीस वेळा हात. मी विचारलं, मीटर नाही का तुमच्याकडे? तो म्हणाला, मीटर आहे, पण मीटर सेल मेल्यावर सांगतो, हात तो आजारी पडल्यावरच सांगतो. मी मनात म्हटलं, झालं, हा आता वैद्यबुवा निघाला.

डिसेंबरात मी एक दिव्य केलं. कंपनी माझ्या पत्रांना उत्तर देईना, म्हणून मी वॉचमनला घेऊन मीटर रूममध्ये गेले आणि टॉवरचा मेन स्विच खाली ओढला. वीजच तोडली की कंपनी धावत येईल, असं माझं गणित होतं. कमिटीतल्या दोघांनी टाळ्यासुद्धा वाजवल्या. पुढच्याच मिनिटाला जनरेटर धडधडत सुरू झाला. लाईट गेल्यावर सुरू व्हायचं एवढंच त्याला ठाऊक. ती कोणी घालवली याच्याशी त्याला काय देणंघेणं? माघार घ्यायची नाही म्हणून मी स्विच वर केला नाही. धूर घालवायला निघालेल्या बाईने सलग पाच तास आपल्याच नवऱ्याला धूर पाजला. दारं-खिडक्या बंद करून नंदकिशोर खोकत बसून राहिले. ते मला अजून बोचतं.

दुपारी टाकीतलं डिझेल संपलं. मग सगळा भार बॅटरीवर आला आणि ती वीस मिनिटांत आटोपली. टॉवर मेला. आमचे फोन शेजारच्या दुसऱ्या टॉवरवर चालू राहिले, त्यामुळे आम्हाला वाटलं, चला, जिंकलो.

तासाभराने एक बाई धापा टाकत गेटवर आली. महापालिकेची आरोग्यसेविका, सुलक्षणा नाईक. आमच्या मागे नॅशनल पार्कच्या अंगाला आंबेटेकडी आहे आणि तिच्या उतारावरच्या खोबणीत शे-दोनशे घरांची वस्ती आहे. त्या खोबणीत दुसऱ्या कुठल्याच टॉवरची रेंज पोचत नाही. डोंगर आडवा येतो. फक्त आमच्या गच्चीवरून ती वस्ती सरळ दिसते. त्या दुपारी तिथे एक बाई अडली होती. ॲम्ब्युलन्सला फोन लागेना. शेवटी चौघांनी तिला प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून दोनशे बारा पायऱ्या उतरवल्या आणि रिक्षात घातलं. सुलक्षणा ते सांगताना रडत नव्हती, चिडलेली होती. बाळ-बाळंतीण सुखरूप आहेत, हे वाक्य तिने सगळ्यात शेवटी सांगितलं.

तेवढ्यात गुणाजी आला. टॉवर बंद पडल्याचा निरोप त्याच्या फोनवर गेला होता आणि तो भांडुपहून स्कूटरवर डिझेलचा कॅन घेऊन पोचला होता. तो आधी मीटर रूममध्ये गेला. बाहेर येऊन हळू आवाजात म्हणाला, "स्विच कोणी पाडला?" मी म्हटलं, मी. त्याने आत जाऊन स्विच वर केला, मग तो जिने चढून गच्चीवर गेला, टॉवर चालू झाल्याची खात्री केली आणि आपल्या वहीत लिहायला बसला. त्या वहीची नक्कल कंपनीकडे जाते, हे मला माहीत होतं. क्लेम खात्यातली सवय, मी वाकून वाचलं. त्याने लिहिलं होतं: 'सेक्रेटरी मॅडमनी स्विच बंद केला. बॅटरी आठ तास टिकायला पाहिजे, वीस मिनिटं टिकली. ती चूक आमची.'

तेहेतीस वर्षांत मी हजारो निवेदनं वाचली. स्वतःची चूक आपण होऊन, कोणी विचारलं नसताना लिहिणारा माणूस मला तोवर भेटला नव्हता. मी त्याला घरात बोलावलं. तो आला, पण नंदकिशोरना खोकताना बघून उंबऱ्याशीच थांबला आणि म्हणाला की आपल्या कपड्यांना डिझेलचा वास आहे. मग उंबऱ्यावर उभ्याउभ्याच आमचं पहिलं धड बोलणं झालं. मी म्हटलं, मला टॉवर घालवायचा होता, टेकडीवरच्या लोकांचे फोन नव्हते घालवायचे. तो म्हणाला की यातला फक्त जनरेटर घालवता येईल, पण मला मार्चपर्यंत वेळ द्या आणि गच्चीवर दोन कामं करू द्या.

त्याने मला जे समजावलं ते इतकं सोपं होतं की आधी कोणाला सुचलं कसं नाही, याचंच नवल वाटावं. पत्र्याची खोली पश्चिमेचं ऊन खायची. ती थंड ठेवायला एसी, आणि एसी बॅटरीवर चालत नाही. म्हणून लाईट गेली की खोली तापायची, आणि ती तापू नये म्हणून जनरेटर लगेच सुरू होईल असं लावून ठेवलेलं. एवढं करूनही उन्हाने बॅटऱ्या म्हाताऱ्या होतच होत्या. म्हणजे मूळ दुखणं ऊन होतं आणि आपण औषध म्हणून डिझेल जाळत होतो. गुणाजीला खोलीवर सावलीचं छप्पर घालायचं होतं आणि भिंतीला भोक पाडून बॅटरीवर चालणारा पंखा बसवायचा होता.

बॅटरीचं काय, असं मी विचारलं. तिथे त्याची खरी कारागिरी होती. नियम असा की चोवीसातले चार-पाच सेल गेले तरी अख्खा संच भंगारात. गुणाजीचं म्हणणं, एका वर्गातली पाच पोरं नापास झाली म्हणून सगळा वर्ग घरी पाठवतात का? शिशाचं आणि तेजाबाचं ते ओझं भंगारात जाऊन वितळणार, नवं घडणार, तेवढाच धूर पुन्हा कुठेतरी निघणार, फक्त तो आपल्या खिडकीखाली नसणार. भांडुपच्या गोदामात दोन टॉवरचे काढलेले संच पडून होते. त्यातले त्याच वर्षाचे, त्याच बनावटीचे चांगले सेल निवडून आमच्या संचातले सात आजारी सेल बदलायचे. कंपनीच्या अंधेरीच्या ऑफिसात वीज आणि इंधनाचा विभाग सांभाळणारी अक्षता नावाची मुलगी होती. तिच्याकडून त्याने महिनाभर पाठपुरावा करून परवानगी काढली. अक्षता मला नंतर म्हणाली की पर्यावरणावर आम्ही केवढे मोठे अहवाल काढतो, पण सेलला हात लावून बघितलेला माणूस त्यात एकही नसतो.

यात गुणाजीचा फायदा काय, हा प्रश्न मला पडला नसता तर मी क्लेम खात्यातली कसली. मी विचारलं. तेव्हा कळलं की फायदा सोडाच, तोटाच होता. डिझेलचा टॉवर आठवड्यातून दोनदा बघावा लागतो, म्हणून एका माणसाकडे चौदा. डिझेल गेलं की महिन्यातून एकदा बघितलं तरी चालतं. मग एका माणसाकडे तीस टॉवर येणार आणि दोघांतला एक घरी बसणार. तो एक कोण, हे कंत्राटदार ठरवणार. हे त्याने गाण्यातल्या मात्रा मोजाव्यात तसं शांतपणे सांगितलं. मग कशाला करताय, असं मी जरा तडकूनच विचारलं. तो म्हणाला, "काकांचा खोकला ऐकला ना ताई. आता नाही ऐकला असं कसं करू?" त्या दिवसापासून मी मॅडमची ताई झाले.

जानेवारीत काम झालं. छप्पर चढलं, पंखा बसला. सेल वर न्यायच्या दिवशी चंद्रप्रकाश वैद्यांनी लिफ्टपुढे उभं राहून सांगितलं की लिफ्ट माणसांसाठी आहे, सामानासाठी नाही. एकेक सेल तीस किलोचा, गच्ची पाच मजल्यांवर. गुणाजी आणि त्याच्या दोन सोबत्यांनी निमूटपणे पहिला सेल खांद्यावर घेतला आणि जिना धरला. दुसऱ्या मजल्यावर मी त्यांना गाठलं, खाली आणलं आणि चेअरमनना सांगितलं की मागच्या महिन्यात तुमचं कपाट याच लिफ्टने गेलं, तेव्हा ते माणूस होतं का? सातही सेल लिफ्टने गेले. वैद्य माझ्याशी चार दिवस बोलले नाहीत, ते चार दिवस फार बरे गेले.

परीक्षा फेब्रुवारीच्या शेवटच्या शुक्रवारी आली. दुरुस्तीसाठी सकाळी नऊ ते दुपारी चार वीज बंद राहणार असल्याचा मेसेज सगळ्यांना आला. रविवारी आमची सभा होती आणि टॉवर ठेवायचा की काढायचा हे तिथे ठरणार होतं. लाईट परत येईपर्यंत जनरेटर न लावता टॉवर चालला तर ठेवायचा, नाहीतर नाही, असं सभासदांनी परस्पर ठरवून टाकलं. गुणाजीने ते ऐकून घेतलं आणि आपली एक अट घातली. बॅटरी भरलेली असते तेव्हा चोपन्न व्होल्ट दाखवते. साडेत्रेचाळीसला यंत्र आपोआप बंद पडतं, आणि शेवटचा दीड व्होल्ट घसरगुंडीवरून उतरल्यासारखा झरकन जातो. "पंचेचाळीस दिसले की मी स्वतः जनरेटर चालू करणार," तो म्हणाला. "टेकडीचा फोन बंद पडू देणार नाही. मग तुम्ही काय ते ठरवा." अक्षताच्या परवानगीने त्या दिवशी जनरेटर आपोआप सुरू होणार नाही असा करून ठेवला. चालवायचा तर हाताने, खाली जाऊन.

नऊ वाजता लाईट गेली आणि आमच्या कंपाउंडात काहीच झालं नाही. इतकी वर्षं ऐकलेली धडधड नव्हती. नंदकिशोरनी खिडकी उघडली, लाईट गेलेली असताना कित्येक वर्षांनी पहिल्यांदा, आणि तिथेच खुर्ची टाकून पेपर वाचत बसले. मी स्वयंपाकघरात जाऊन डोळे पुसले. त्याच क्षणी मला कळलं की हा टॉवर राहावा असं मला मनापासून वाटतंय.

दुपारपर्यंत गच्चीवर मेळा जमला. लोक येऊन क्रिकेटचा स्कोअर विचारावा तसे व्होल्ट विचारून जात होते. बाराला अठ्ठेचाळीसच्या वर. तीनला साडेसेहेचाळीस. पंखा फिरत होता, छपराखाली सावली होती, आणि गुणाजी मांडी घालून सेलजवळ बसला होता. डबासुद्धा त्याने उघडला नव्हता. चार वाजले. लाईट आली नाही. दुरुस्तीला उशीर होत असल्याचा दुसरा मेसेज आला. सव्वाचारला आकडा पंचेचाळीस पूर्णांक आठ. साडेचारला पंचेचाळीस पूर्णांक पाच. मी सारखी रस्त्यावरच्या खांबाकडे बघत होते, जणू बघितल्याने वीज येते.

चार बावन्नला पंचेचाळीस झाले. गुणाजी उठला. मी म्हटलं, "गुणाजी, पाच मिनिटं थांबा. येईलच आता. एवढ्यासाठी सगळं घालवू नका." मला तेव्हा टेकडी आठवली नाही, हे मी कबूल करते. मला फक्त तो आकडा आणि रविवारची सभा दिसत होती. त्याने माझ्याकडे पाहिलं, मान हलवली आणि जिन्याकडे वळला. लिफ्ट बंदच होती. बावन्न वर्षांचा तो माणूस पाच मजले धावत उतरला. मी वरून नंदकिशोरना फोन लावून खिडक्या लावून घ्यायला सांगितलं. ते म्हणाले की गुणाजी आत्ताच खिडकीखाली येऊन माफी मागून गेला आणि मीच त्याला सांगितलं, कर चालू. मग धडधड ऐकू आली.

पाच वाजून पाच मिनिटांनी लाईट आली. तेरा मिनिटं. गच्चीवर कोणीतरी हळहळलं, कोणीतरी हसलं. चंद्रप्रकाश वैद्य म्हणाले, म्हणजे नापास, आणि खाली निघून गेले.

रविवारी सभेत मी उभी राहिले. मी फार चांगली बोलत नाही, भांडते चांगली. मी सांगितलं की डिसेंबरात ज्या हाताने स्विच पाडला तो माझा, आणि त्या दिवशी एका बाईला खुर्चीत बसवून डोंगर उतरवावा लागला. शुक्रवारी त्या माणसाच्या हातात सगळं होतं. आणखी तेरा मिनिटं बसून राहिला असता तर कदाचित जिंकला असता, आणि हरला असता तर आपल्याला कळलंही नसतं, कारण आपले फोन चालूच राहिले असते. अंधारात राहिली असती फक्त टेकडी. आपली गच्ची कोणाच्या तरी हाती द्यायचीच असेल तर ती या माणसाच्या हाती द्यावी असं मला वाटतं. बस, एवढंच बोलले. चौदा जणांनी टॉवर ठेवायला हात वर केले, तीन महिन्यांत जनरेटर जायला हवा या अटीवर. चौघे विरोधात गेले. टॉवरच्या बाजूने वैद्यांचा हात बराच वेळ अर्ध्यावर होता, पण शेवटी तोही वर गेला.

त्या शुक्रवारच्या नोंदी घेऊन अक्षताने अंधेरीच्या ऑफिसात भांडण मांडलं. भंगारातले सेल घातलेला संच जवळपास आठ तास चालला, हे तिच्या साहेबांना पटायला वेळ लागला. शेवटी आमच्या टॉवरला नव्या जातीची मोठी बॅटरी मिळाली आणि गुणाजीच्या छपरावर सौर पट्ट्या बसल्या. आमचे चांगले सेल भंगारात न जाता कांजूरमार्गच्या एका टॉवरला गेले. गुणाजीची नोकरी वाचली, पण सुखासुखी नाही. त्याच्याकडे आता कुर्ल्यापासून मुलुंडपर्यंत एकोणतीस टॉवर आहेत, आणि त्याच्या जोडीच्या माणसाला दुसरीकडे काम शोधावं लागलं. त्याला ते मिळावं म्हणून गुणाजी स्वतः चार ठिकाणी शब्द टाकून आला. अशा चांगल्या गोष्टींचा भार शेवटी कोणाच्या पाठीवर पडतो, हे कंपनीच्या अहवालात येत नाही, म्हणून मी इथे लिहून ठेवते आहे.

मे महिन्यात जनरेटर न्यायला टेम्पो आला. गुणाजी कागदावर माझी सही घ्यायला घरी आला. या वेळी कपड्यांना वास नव्हता, म्हणून आत येऊन बसला, नंदकिशोरांशी गावच्या आंब्यांबद्दल बोलला. मी सही केली आणि इतके दिवस मनात असलेलं विचारून टाकलं. म्हटलं, फक्त तेरा मिनिटं होती हो, तुम्हाला वाईट नाही वाटलं?

तो कागदाची घडी घालत म्हणाला, "तेरा होती हे लाईट आल्यावर कळलं ना, ताई. जिना उतरताना कुठे माहीत होतं?"